हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतील दाहनिदर्शकांचे चढउतार : रक्तातल्या एका आकड्यावर किती विसंबावे?

विश्लेषक

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणाऱ्या आजाराच्या, रुग्णाच्या फाइलमध्ये सीआरपी या दाह (इन्फ्लमेशन) दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे चार-पाच अहवाल असतील, तर त्यांतले आकडे क्वचितच एकमेकांच्या जवळ असतात. एका महिन्यात ३, पुढच्या महिन्यात ७, मग पुन्हा ४. औषधे तीच, वजन तेच, जिना चढताना लागणारी धापही तेवढीच. अशा वेळी नातेवाईक घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात, आणि काही वेळा डॉक्टरांचाही गोंधळ उडतो. वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करत असल्याने हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. हृदयविकाराशी त्याचा संबंध अलीकडे कळला, असा समज आढळतो. प्रत्यक्षात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळते, हे हृदयरोगतज्ज्ञ ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच नोंदवले होते. पुढे १९९० मध्ये लेव्हिन, पॅकर आदी संशोधकांनी तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत टीएनएफ हा दाहकारक रेणू वाढलेला असल्याचे दाखवले. हृदयाच्या या आजारात शरीरभर मंद दाह चालू असतो, हा विचार तेव्हापासून रुजला. तो आजही टिकून आहे आणि माझ्या मते योग्यच आहे. अडचण येते ती हा दाह एखाद्या रुग्णात मोजायला घेतल्यावर.

रक्तातले दाहनिदर्शक एका स्वभावाचे नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवे. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक रेणू आहेत. ते पेशींतून बाहेर पडतात, आपले काम करतात आणि रक्तातून लवकर नाहीसे होतात. त्यामुळे त्यांची पातळी नमुना घेतला त्या घडीवर फार अवलंबून राहते. टीएनएफचे विरघळलेले ग्राहक रेणू (ज्यांना टीएनएफ चिकटते ते रिसेप्टर) मात्र रक्तात जास्त वेळ टिकतात आणि म्हणून त्यांचे आकडे तुलनेने स्थिर असतात. सीआरपी यकृतात तयार होते, मुख्यतः इंटरल्यूकिन-६च्या हुकमाने. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे १९ तासांचा असून तो निरोगी माणसात आणि आजाऱ्यात जवळजवळ सारखाच राहतो. याचा अर्थ असा, की सीआरपीची पातळी जवळपास सर्वस्वी यकृत ते किती वेगाने बनवते यावर ठरते. दिवसाच्या वेळेप्रमाणे ती फारशी बदलत नाही, उपाशीपोटी रक्त देण्याचीही गरज नसते, आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला थोडा वेळ लागला तरी बिघडत नाही. या सर्व कारणांनी रोजच्या व्यवहारात सीआरपीच टिकले आणि बाकीचे निदर्शक बहुतांशी संशोधनापुरते राहिले.

इतके गुण असूनही सीआरपी एकाच व्यक्तीत भरपूर हलते. ठणठणीत माणसांचे रक्त ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्येकाचे आकडे त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती साधारण ४० टक्के विखुरलेले आढळले. यंत्राची चूक यात अगदी थोडी असते. बाकी सारा चढउतार शरीराचा स्वतःचा आहे: न जाणवलेली सर्दी, हिरड्यांची सूज, आदल्या दिवशीचे अतिश्रम, अपुरी झोप, नुकतीच घेतलेली लस.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णात यावर आणखी थर चढतात, आणि मला खरी चर्चा त्यांवर हवी आहे. पाणी साठले, की आतड्याच्या भिंतीला सूज येते. तिथला अडसर सैल होऊन जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरतात आणि दाह भडकतो, असे एक गृहीतक आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगावर सूज असलेल्या रुग्णांत ही विषद्रव्ये स्थिर रुग्णांपेक्षा जास्त आढळली. लघवी वाढवणारी औषधे दिल्यावर ती थोड्याच काळात उतरली, पण दाहकारक रेणू मात्र तितक्या लवकर खाली आले नाहीत. म्हणजे कारण ओसरल्यावरही परिणाम काही काळ रेंगाळतो. अशा मधल्या काळात घेतलेला नमुना कोणत्या अवस्थेचा म्हणायचा?

दुसरा थर यकृताचा आहे. हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढला की यकृतात रक्त तुंबते आणि सीआरपी बनवणारा कारखानाच आजाराच्या कचाट्यात सापडतो. तिसरा थर मूत्रपिंडाचा. त्याचे काम मंदावले की अनेक दाहकारक रेणूंचा निचराही मंदावतो. स्थूलता असेल तर चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ स्रवतात. रक्तातला आकडा ही सगळी बेरीज असते. त्यातला हृदयाचा वाटा किती, हे तो आकडा सांगत नाही.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः रुग्णालयात काम करणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निशिगंध

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. त्यांचे सीआरपी आधी ४.१ होते आणि दीड महिन्याने ७.८ आले. त्यांची तब्येत त्या काळात स्थिरच होती. अहवालावर मात्र आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता आणि तेव्हापासून घरात काळजीचे वातावरण आहे. हे दुप्पट होणे गंभीर मानावे का?

विश्लेषक

निशिगंध, आपल्या वडिलांविषयीचा निर्णय त्यांचे डॉक्टरच देतील, कारण त्यांनी रुग्णाला तपासले आहे. आकड्यांपुरते मी सांगू शकतो.

दोन अहवालांतला फरक केवळ नैसर्गिक चढउताराने पडू शकतो की नाही, हे ठरवण्याची एक रीत आमच्या क्षेत्रात आहे. व्यक्तीतला चढउतार आणि यंत्राचा चढउतार यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला २.७७ ने गुणायचे. व्यक्तीतला चढउतार ४० टक्के आणि यंत्राचा ५ टक्के धरला, तर उत्तर सुमारे ११२ टक्के येते. सीआरपीसारख्या राशीचे आकडे एका बाजूला लांबवर पसरलेले असतात, त्यामुळे हेच गणित लॉगॅरिदम घेऊन करणे अधिक योग्य ठरते. तसे केल्यास पहिल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट वाढ किंवा दोन-तृतीयांश घट झाल्याशिवाय बदल खरा आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. ४.१ वरून ७.८ ही वाढ १.९ पट आहे, म्हणजे ती या मर्यादेच्या बऱ्यापैकी आत बसते. शिवाय हे ४० टक्के निरोगी माणसांचे आहेत. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात आधी सांगितलेले थर धरले, तर मर्यादा आणखी रुंद असण्याचीच शक्यता जास्त.

ठळक छपाईबद्दलही सांगतो. आकडा ठरावीक सीमेपलीकडे गेला की संगणक तो आपोआप ठळक करतो. मागच्या अहवालाशी तुलना करून कोणी ते ठरवलेले नसते.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. दोन्ही अहवालांतले एकक एकच आहे ना? काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात आणि काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्यातले १० म्हणजे दुसऱ्यातला १. प्रयोगशाळा बदलली की या दहापटीच्या फरकाने अनेकांची विनाकारण झोप उडते.

ध्रुवतारा

मी हृदयरोग विभागात काम करतो. विश्लेषक यांच्या मांडणीशी मोठ्या प्रमाणात सहमत आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. चढउतार नैसर्गिक असतात हे एकदा पटले, की प्रत्येक वाढ त्याच खात्यात टाकण्याचा मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे.

हार्ट फेल्युअरचा रुग्ण अचानक बिघडून रुग्णालयात येतो, तेव्हा त्यामागे श्वसनमार्गाचा जंतुसंसर्ग हे वारंवार आढळणारे कारण असते. ताप असेलच असे नाही, वृद्धांत तर अनेकदा नसतो. धाप तर हार्ट फेल्युअरनेही लागते, आणि छातीच्या एक्स-रेवर पाणी कोणते आणि न्यूमोनिया कोणता, हे दरवेळी स्पष्ट होत नाही. अशा रुग्णात सीआरपी ४ चे ८ झाले तर मी त्यावरून काही ठरवत नाही, पण ८० आले तर संसर्ग कसून शोधतो. अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था आणि हार्ट असोसिएशन यांनी २००३ मध्ये हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी सीआरपीचे १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त मिलिग्रॅम प्रति लिटर असे गट सुचवले. सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी आणि १० च्या वर आकडा आल्यास आधी दुसरे कारण शोधून मग पुन्हा मोजावे, असेही त्यांनी सांगितले होते. गटांची विभागणी सर्वांनी उचलली, पण दोनदा मोजण्याची अट व्यवहारात गळून पडली. मला ही मोठी हानी वाटते.

वेळेचे भानही ठेवावे लागते. दाहाला सुरुवात झाल्यावर सीआरपी चढू लागायला साधारण सहा तास लागतात आणि ते शिखरावर पोहोचते दोन दिवसांच्या आसपास. रुग्ण दाखल झाल्या झाल्या घेतलेला नमुना कमी आला म्हणून संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. एका दिवसातली मोठी चढण एकट्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

शमा

ईएसआर या दाहाच्या जुन्या रक्ततपासणीचे काय? आमच्याकडे अजूनही दोन्ही तपासण्या एकत्र सांगितल्या जातात.

विश्लेषक

हार्ट फेल्युअरमध्ये ईएसआर वाचणे फार अवघड आहे. लाल पेशी किती वेगाने तळाशी बसतात हे ती चाचणी मोजते, आणि तो वेग फायब्रिनोजेन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनावर तसाच लाल पेशींच्या प्रमाणावर अवलंबून असतो. रक्तक्षय असेल तर तो वाढतो, आणि या रुग्णांत रक्तक्षय नेहमीचाच. उलट यकृत तुंबलेले असून फायब्रिनोजेन कमी बनत असेल तर वेग घटतो. तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये ईएसआर कमी भरतो, हे निरीक्षण फार जुने आहे. दोन शक्ती विरुद्ध दिशांनी ओढत असताना मधोमध आलेल्या आकड्याला दाहाचे माप म्हणणे मला पटत नाही.

सांख्यिक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, संख्याशास्त्राचा अभ्यासक आहे. चर्चेत एक बाजू सुटते आहे असे वाटल्याने लिहितो.

व्यक्तीतले चढउतार मोठे असले, म्हणून सीआरपीचा एक आकडा निरुपयोगी ठरतो असे नाही. आइसलंडमधील रेक्याविक येथील लोकसंख्येवरच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, अनेक वर्षांच्या अंतराने त्याच माणसांचे सीआरपी पुन्हा मोजले. दोन मापनांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५९ निघाला. एकूण कोलेस्टेरॉलचा ०.६० होता. ज्या कोलेस्टेरॉलवर आपण निःशंकपणे विश्वास ठेवतो, त्याच्याइतकेच दीर्घकालीन सातत्य सीआरपीत दिसले. ते सामान्य लोक होते, हार्ट फेल्युअरचे रुग्ण नव्हते, हे मान्य. तरी मुद्दा उरतोच. माणसामाणसांतला फरक इतका मोठा आहे, कोणाचे नेहमी ०.५ च्या आसपास तर कोणाचे नेहमी ५ च्या वर, की एकाच माणसातला चढउतार त्यात काही अंशी बुडून जातो.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हजार रुग्णांत जास्त धोका कोणत्या गटाला आहे, याचे उत्तर एकेका नमुन्यावरूनही बऱ्यापैकी मिळते. उलट एकाच नमुन्याच्या गोंगाटामुळे सीआरपी आणि धोका यांचा संबंध असतो त्यापेक्षा फिका दिसतो, म्हणजे खरा संबंध अधिक बळकट असण्याची शक्यता आहे. निशिगंध यांच्या वडिलांचा दाह गेल्या महिन्यापेक्षा वाढला आहे का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याला एक नमुना अजिबात पुरत नाही. सरासरी घेतल्याने गोंगाट नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. चार स्वतंत्र नमुन्यांची सरासरी घेतली, तर ४० टक्क्यांचा विखुर २० टक्क्यांवर येतो.

सरासरीकडे परतण्याचा नियमही इथे महत्त्वाचा आहे. सीआरपी जास्त आलेले रुग्ण निवडले, की त्यांतल्या काहींचे त्या दिवशी योगायोगाने वर गेलेले असते. त्यांना काहीही उपचार न देता पुन्हा मोजले तरी गटाची सरासरी खाली येते. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर ही घट औषधाच्या नावावर जमा होते.

विश्लेषक

सांख्यिक, आपण केलेला भेद फार मोलाचा आहे. त्याच धाग्याने पुढे औषधांच्या चाचण्यांकडे जाता येते, कारण या विषयातली सर्वांत महागडी निराशा तिथेच पदरी पडली.

टीएनएफ वाढलेले असते, तर ते अडवल्याने हृदय सुधारेल, असा सरळ हिशेब होता. टीएनएफ अडवणाऱ्या एटनरसेप्ट या औषधाच्या चाचण्यांत सुमारे दोन हजार रुग्ण होते आणि कोणताही लाभ दिसला नाही. इन्फ्लिक्सिमॅब या तशाच दुसऱ्या औषधाची चाचणी १५० रुग्णांची होती. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. जास्त मात्रा मिळालेल्या गटात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणे उलट वाढले. या अपयशाची कारणमीमांसा अनेक अंगांनी झाली आहे आणि औषधांचे थेट दुष्परिणामही त्यात आहेत. मला खटकते ते असे, की दाह खरोखर आणि सातत्याने वाढलेला आहे अशाच रुग्णांची निवड करून या चाचण्या झाल्या नव्हत्या. मापनाचा प्रश्न त्या काळात अज्ञात नव्हता. डग्लस मान या संशोधकाच्या गटाने १९९९ मध्ये हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतील या रेणूंच्या नैसर्गिक चढउतारांवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि औषधचाचण्यांच्या आखणीवर त्याचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषयच होता.

एटनरसेप्टची आणखी एक गंमतीची बाब आहे. ते टीएनएफला धरून ठेवते. धरलेला रेणू निष्क्रिय असतो, पण रक्तात जास्त काळ राहतो आणि अनेक चाचणीसंचांना तो दिसतो. त्यामुळे औषध काम करत असतानाच मोजलेले टीएनएफ वाढलेले भासू शकते. मोजलेले प्रमाण आणि कार्यरत प्रमाण या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

ध्रुवतारा

याला जोडून पुढचा प्रवास सांगतो. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारे औषध १०,०६१ रुग्णांवर तपासले गेले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून अधिक असलेलेच रुग्ण त्यात घेतले होते. २०१७ च्या निष्कर्षांत हृदयविकाराच्या घटना घटल्या. नंतरच्या विश्लेषणात मात्रा वाढेल तसे हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणेही कमी झालेले दिसले. मात्र जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण औषधाच्या गटात अधिक होते, हे विसरता येत नाही.

उलट दिशेचे उदाहरण कोल्चिसिन या दाहशामक औषधाचे आहे. स्थिर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरील २०१४ च्या अभ्यासात त्याने सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ दोन्ही उतरवले, पण रुग्णांची कार्यक्षमता सुधारली नाही. तेव्हा आकडा उतरला म्हणजे रुग्णाला बरे वाटेल, असे गृहीत धरता येत नाही, मग तो आकडा कितीही काळजीपूर्वक मोजलेला असो. माझ्या रुग्णांना मी सांगतो, की रोज सकाळचे वजन, पायांवरची सूज आणि झोपताना लागणाऱ्या उशा यांची नोंद ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर त्याच दिवशी कळवा. सीआरपीच्या पुढच्या अहवालाची वाट पाहत बसू नका.

शमा

इंटरल्यूकिन-६ची तपासणी आता बऱ्याच ठिकाणी उपलब्ध आहे. सीआरपीच्या मूळ कारणाजवळ जायचे तर तीच का करू नये?

विश्लेषक

तत्त्वतः आपले म्हणणे बरोबर आहे आणि संशोधनात ती मोजलीही जाते. व्यवहारात अडचणी बऱ्याच आहेत. इंटरल्यूकिन-६ दिवसभरात वरखाली होते, म्हणून नमुन्याची वेळ पाळावी लागते. नमुना घेतल्यावर रक्तपेशी वेगळ्या करायला उशीर झाला, तर नळीतल्या पेशी स्वतःच हे रेणू सोडू शकतात. नमुना गोठवून, वितळवून पुन्हा गोठवला तर आकडा बदलू शकतो. एका कंपनीच्या संचाचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या संचाशी जुळेल याची हमी नसते. सीआरपीला आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याचा आधार आहे आणि त्यामुळे दोन प्रयोगशाळांतली तफावत कमी राहते. तरीही तुलना करायचीच असेल, तर एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत आणि रुग्ण स्थिर असतानाचे, सर्दी-तापाच्या दिवसांपासून दूरचे नमुने घ्यावेत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोललो. त्यांनी वडिलांना तपासले, हिरड्यांना सूज आढळल्याने दंतवैद्यांकडे पाठवले आणि तीन आठवड्यांनी सीआरपी पुन्हा करायला सांगितले. आणखी एक शंका आहे. त्यांचे फेरिटिन १४० आहे, अहवालात ते सामान्य दाखवले आहे, तरी डॉक्टर लोहाची कमतरता असू शकते असे म्हणतात. याचा दाहाशी संबंध आहे का?

ध्रुवतारा

थेट संबंध आहे. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते, पण दाहातही ते वाढते. त्यामुळे मंद दाह असलेल्या रुग्णात साठा रिकामा होत आला तरी फेरिटिन सामान्य मर्यादेत दिसू शकते. हार्ट फेल्युअरसाठी प्रचलित निकष म्हणूनच वेगळा आहे. फेरिटिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा १०० ते २९९ च्या दरम्यान असून ट्रान्सफेरिनची संपृक्तता (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर लोहाची कमतरता मानतात. वडिलांचे १४० या दुसऱ्या टप्प्यात येते, तेव्हा निर्णय संपृक्ततेवर ठरेल. ती तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी, आणि शक्यतो हिरड्यांचा त्रास शमल्यावर सीआरपीच्याच नमुन्यातून करावी, म्हणजे दोन्ही आकडे एकाच दिवसाचे मिळतील. लोहाच्या गोळ्या तोवर स्वतःहून सुरू करू नयेत. कमतरता ठरलीच, तर या आजारात शिरेतून दिलेल्या लोहाचा उपयोग चाचण्यांतून दिसला आहे. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी तसा लाभ दिसलेला नाही.